मदत हवी आहे: एआयएक्स वर्कस्टेशनवर सॉल्व्हर मध्येच मरतो, पेजिंग स्पेस कशी वाढवायची?

हातोडी_छिन्नी
आयबीएमच्या एआयएक्स (युनिक्स) मशीनवर आमचा सॉल्व्हर, म्हणजे मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्राम, दोन-अडीच तास चालतो आणि टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' येऊन बंद पडतो. त्याच्या लॉगमध्ये एक ओळ नाही. मेमरी कमी पडतेय हे उघड आहे. पेजिंग स्पेस (रॅममध्ये न मावणारं डिस्कवर टाकायची जागा, म्हणजे स्वॅप) वाढवायची कमांड द्या कोणीतरी. मशीन रीबूट करता येणार नाही. आज रात्री रन लावायचाच आहे.

अबोली
व्हर्जन कोणतं? रॅम किती? पेजिंग स्पेस आत्ता किती आणि त्यातली भरलेली किती? हे नसताना कमांड देणं म्हणजे अंधारात तीर. निदान एवढं टाका: ओएसलेव्हल -आर, एलएसपीएस -ए, आणि एलएसएटीटीआर -ईएल एसवायएस० -ए रिअलमेम (ई कॅपिटल, एल स्मॉल).

गावठी_सर्व्हर
आधी /टीएमपी रिकामी करा. तिथे पडलेल्या फायली स्वॅप खातात. सॉल्व्हरची स्क्रॅच (तात्पुरत्या फायली) तिथे असेल तर तीच मेमरी गिळत असणार. स्वॅप -एस टाकून बघा.

भर_दुपारी
यूलिमिट (युजरच्या प्रोग्रामला किती मेमरी घेता येईल ती मर्यादा) बघा. एआयएक्समध्ये डेटाची मर्यादा मुळातच २६२१४४ असते, ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे अवघे १२८ एमबी. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्समध्ये त्या युजरखाली डेटा = -१ करा, लॉगआउट-लॉगिन करा. बाकी काही लागत नाही.

पीपीसी६०४
गावठी_सर्व्हर, तुम्ही सांगताय ते सोलारिसचं. तिथे /टीएमपी ही टीएमपीएफएस असते आणि स्वॅपवर बसते. एआयएक्समध्ये /टीएमपी म्हणजे एचडी३, डिस्कवरची साधी फाइल सिस्टीम. ती रिकामी केल्याने पेजिंग स्पेस एका पानानेही (मेमरीच्या एका तुकड्यानेही) मोकळी होणार नाही.

भर_दुपारी, यूलिमिट आडवं आलं तर मॅलॉक (प्रोग्रामची मेमरी मागायची हाक) नल म्हणजे रिकामं उत्तर परत देतो आणि प्रोग्राम स्वतःच्या तोंडाने काहीतरी बोलून बाहेर पडतो. इथे प्रोग्राम काहीच न बोलता गेलाय. म्हणजे बाहेरून सिगकिल, थेट मारून टाकणारा सिग्नल, आलाय. धागाकर्ते, सॉल्व्हर ज्या स्क्रिप्टमधून चालवता तिथे एक्झिट कोड १३७ (सिगकिलने मेल्याची खूण) येतो का? आणि ईआरआरपीटी -ए मध्ये, म्हणजे सिस्टीमच्या एरर लॉगमध्ये, पीजीएसपी_किल (पेजिंग स्पेस संपत आली म्हणून मारलं) हे लेबल दिसतं का?

हातोडी_छिन्नी
एआयएक्स ५.३ आहे. रॅम ४ जीबी. पॉवर २८५ वर्कस्टेशन. एक्झिट कोड १३७ येतो. ईआरआरपीटीमध्ये पीजीएसपी_किल आहे, तीन वेळा, तिन्ही वेळा सॉल्व्हरचंच नाव. एलएसपीएस -ए:

एचडी६, एचडिस्क०, रूटव्हीजी, ५१२ एमबी, ९७ टक्के वापर, अ‍ॅक्टिव्ह येस, ऑटो येस

म्हणजे मी म्हणत होतो तेच. आता वाढवायची कमांड द्या.

जुनाट_पोथी
४ जीबी रॅमला ५१२ एमबी पेजिंग स्पेस? हा गुन्हाच आहे. आयबीएमच्या मॅन्युअलमधलं सूत्र सरळ आहे: रॅम २५६ एमबीच्या आत असेल तर दुप्पट, त्याच्या वर असेल तर ५१२ अधिक (रॅम वजा २५६) गुणिले १.२५. तुमचा हिशेब: ३८४० गुणिले १.२५ म्हणजे ४८००, अधिक ५१२, एकूण ५३१२ एमबी. तेवढी करा आणि मोकळे व्हा.

पीपीसी६०४
ते सूत्र जुन्या वाटप-पद्धतीच्या काळात शोभायचं. एआयएक्स ४.३.२ पासून डिफर्ड (लांबणीवर टाकलेलं) वाटप आहे. पान खरोखर बाहेर टाकायची वेळ येईपर्यंत पेजिंग स्पेसमधला ब्लॉक घेतलाच जात नाही. रॅम पुरेशी असेल तर ५१२ एमबीवर मशीन वर्षानुवर्षं चालतं. इथे ९७ टक्के कोणी भरलं हा खरा प्रश्न आहे.

तरी आजची रात्र निभावायला:

एलएसव्हीजी रूटव्हीजी (सिस्टीमच्या डिस्कचा गट) टाका, पीपी (डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे) साइज आणि फ्री पीपी बघा. मग सीएचपीएस -एस ४ एचडी६; एचडी६ ही तुमची पेजिंग स्पेस. हे चालू मशीनवर होतं, रीबूट लागत नाही. सांभाळायचं एकच: -एस पुढचा आकडा एमबीत नसतो, लॉजिकल पार्टिशनमध्ये असतो. पीपी साइज १२८ एमबी असेल तर ४ म्हणजे ५१२ एमबी. तिथे कोणी ५१२ टाकलं तर ६४ जीबी मागितल्यासारखं होतं. रूटव्हीजी मिरर (दोन प्रतींत) असेल तर फ्री पीपी दुप्पट लागतील.

जुनाट_पोथी
'वर्षानुवर्षं चालतं' म्हणताय, पण समोरचं मशीन चालत नाहीये. डिस्कवर जागा फुकट पडलीय, द्यायला काय हरकत?

अबोली
द्यायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबायला आहे. पेजिंग स्पेस वाढवून गळती (एखादा प्रोग्राम घेतलेली मेमरी परत न देणं) झाकली गेली तर पुढच्या वेळी हेच उशिरा होईल आणि त्याआधी मशीन रांगायला लागेल.

हातोडी_छिन्नी, आणखी तीन गोष्टी रूटने हव्यात, सॉल्व्हर चालू असताना: व्हीएमस्टॅट ५ ५, व्हीएमस्टॅट -व्ही, आणि एसव्हीएमऑन -पी -जी -टी ५ (पी कॅपिटल). शेवटची कमांड पेजिंग स्पेस सर्वात जास्त खाणाऱ्या पाच प्रक्रिया दाखवते. एसव्हीएमऑन सापडली नाही तर बीओएस.पर्फ.टूल्स फाइलसेट बसवलेला नाही.

उंबरठा
हे सगळं लिनक्सवर का हलवत नाही? स्वॅप फाइल करून मोकळं.

हातोडी_छिन्नी
उंबरठा, सॉल्व्हरचा परवाना या मशीनला बांधलेला आहे. हलवता येत नाही.

व्हीएमस्टॅटमध्ये पीआय (पेजिंग स्पेसमधून आत येणारी पानं) ४० च्या आसपास, पीओ (तिकडे जाणारी) २००-२१०. फ्री कॉलम ११००-१२०० वर आहे, म्हणजे मेमरी संपलेलीच आहे ना?
व्हीएमस्टॅट -व्ही: मिनपर्म २०, मॅक्सपर्म ८०, नमपर्म ५८ टक्के.
एसव्हीएमऑनमध्ये पहिला क्रमांक सॉल्व्हरचा नाही. रिझल्ट बघायचा व्ह्यूअर आहे. इनयूज ६१२०४, पीजीएसपी ९०११२, व्हर्च्युअल १४८९३०. तो गेले कित्येक दिवस उघडाच असतो, त्याचा काय संबंध?

अबोली
त्याचाच संबंध आहे. एसव्हीएमऑनचे आकडे ४ केबीच्या पानांत असतात. ९०११२ पानं म्हणजे ३५२ एमबी. तुमच्या ५१२ मधले ३५२ एकट्या व्ह्यूअरकडे आहेत. उरलेल्या प्रक्रियांच्या आकड्यांची बेरीज मात्र करत बसू नका. कर्नल आणि शेअर्ड लायब्ररीचे सेगमेंट प्रत्येकाच्या खात्यात धरलेले असतात, बेरीज फुगते.

आता सॉल्व्हरच का मरतो ते बघा. ५१२ एमबी म्हणजे १३१०७२ पानं. एनपीएसकिल या मारायच्या मर्यादेची मूळ किंमत त्याचा १२८ वा भाग, १०२४ पानं, म्हणजे ४ एमबी. एनपीएसवॉर्न, इशाऱ्याची मर्यादा, त्याच्या चौपट, १६ एमबी. मोकळी जागा १६ एमबीखाली गेली की कर्नल सगळ्यांना सिगडेंजर हा इशाऱ्याचा सिग्नल पाठवतो. ज्यांनी तो हाताळायचा कोड लिहिलेला नसतो ते दुर्लक्ष करतात. ४ एमबीखाली गेली की सिगकिल सुरू, आणि निवड होते सर्वात अलीकडे सुरू झालेल्या प्रक्रियेपासून. व्ह्यूअर जुना, सॉल्व्हर नवा. खाल्लं एकाने, मेला दुसरा. ईआरआरपीटीमध्ये नाव दिसतं ते मेलेल्याचं, म्हणून सगळे सॉल्व्हरच्या मागे लागतात.

आणि फ्री कॉलम लहान असणं एआयएक्समध्ये नेहमीचंच. उरलेली रॅम फाइल कॅशला (फायलींचा मजकूर हाताशी ठेवायला) लावलेली असते. बघायचं ते पीआय आणि पीओ.

उंबरठा
लिनक्समध्ये ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा) जास्त मेमरी खाणाऱ्याला आधी धरतो, तेच बरं नाही का?

पीपीसी६०४
वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सह्यकडा
व्ह्यूअर गळतोय हे मान्य, पण ४ जीबी रॅममध्ये ५८२ एमबीचा व्ह्यूअर बाहेर फेकला का गेला हे कोणी विचारत नाहीये. नमपर्म ५८ टक्के, म्हणजे अर्ध्याहून जास्त रॅम सॉल्व्हरच्या स्क्रॅच फायलींच्या कॅशने अडवलीय. ५.३ च्या मूळ सेटिंगमध्ये एलआरयू_फाइल_रीपेज १ असतं. नमपर्म (फाइल कॅशचा वाटा) मिनपर्म आणि मॅक्सपर्म या त्याच्या दोन मर्यादांच्या मधे असला की कर्नल रीपेजचं (काढलेलं पान पुन्हा लागण्याचं) प्रमाण बघून फाइलची पानं काढायची की प्रोग्रामची ते ठरवतो. परिणामी निपचित पडलेला व्ह्यूअर पेजिंग स्पेसमध्ये जातो. उपाय एका ओळीचा:

व्हीएमओ -पी -ओ एलआरयू_फाइल_रीपेज=० -ओ मिनपर्म%=३ -ओ मॅक्सपर्म%=९० -ओ मॅक्सक्लायंट%=९०

-पी स्मॉल, म्हणजे आत्ताही लागू आणि रीबूटनंतरही. मग नमपर्म ३ टक्क्यांच्या वर असेतोवर फक्त फाइलची पानं निघतील. ६.१ मध्ये हेच मूळ सेटिंग करून टाकलं, त्यावरून समजा. हे आधी करा, बाकी नंतर.

अबोली
सह्यकडा, हे करायलाच हवं, पण आधी नाही. एकदा पेजिंग स्पेसमध्ये गेलेलं पान व्हीएमओ बदलल्याने परत येत नाही. भरलेले ब्लॉक व्ह्यूअर बंद होईपर्यंत बहुतेक तसेच राहतील. आधी व्ह्यूअर किल -१५ ने बंद करा, मग एलएसपीएस -ए पुन्हा बघा, मग तुमची व्हीएमओ.

भर_दुपारी
सॉल्व्हरला पीएसअलॉक=अर्ली देऊन चालवा ना. अर्लीवाल्या प्रक्रियांना कर्नल मारत नाही.

पीपीसी६०४
मारत नाही, बरोबर. पण अर्लीमध्ये मॅलॉकच्या क्षणीच पेजिंग स्पेसमधली जागा राखून ठेवावी लागते. सॉल्व्हर २ जीबी मागणार आणि तुमच्याकडे ५१२ एमबी. पहिल्याच मिनिटाला मॅलॉक फसेल. अर्ली वापरायचं असेल तर मात्र जुनाट_पोथींचं सूत्र खरंच कामाचं आहे. सोबत नोडिसक्लेम=ट्रू लागतं. आणि दोन्ही फक्त सॉल्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये घाला. /ईटीसी/एन्व्हायरन्मेंटमध्ये टाकलंत तर मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम जागा अडवून बसेल.

जुनाट_पोथी
म्हणजे शेवटी सूत्र बरोबरच. दुसरी पेजिंग स्पेस दुसऱ्या डिस्कवर काढा, वेग वाढेल: एमकेपीएस -एस ४ -एन -ए डेटाव्हीजी एचडिस्क१.

सह्यकडा
एचडिस्क१ वर सॉल्व्हरची स्क्रॅच असेल तर मुळीच नको. तीच सर्वात राबणारी डिस्क आहे. शिवाय दोन ठेवायच्या तर सारख्या आकाराच्या ठेवा. एआयएक्स आळीपाळीने वाटप करतं, लहान आधी भरते आणि मग सगळा भार एकीवर येतो.

हातोडी_छिन्नी
व्ह्यूअर बंद केला. एलएसपीएस आता २८ टक्के. व्हीएमओ लागू केलं. फ्री पीपी भरपूर होते, म्हणून सीएचपीएस -एस ४ पण केलं. स्क्रॅच एचडिस्क१ वरच आहे, तिथे काही काढलं नाही. रन लावलाय, पीओ शून्यावर आहे. व्ह्यूअर रोज लागतो पण, त्याचं काय करू?

अबोली
क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) दर तासाला पीएस जीव्हीमधली व्ह्यूअरची ओळ एका फाइलमध्ये जोडत जा. त्यातला साइज कॉलम बघायचा, आकडा केबीत असतो. मॉडेल बंद केल्यावरही साइज खाली येत नसेल आणि दर मॉडेलमागे चढत असेल तर गळती पक्की. तोवर रात्रीचा रन लावण्याआधी व्ह्यूअर बंद करण्याची ओळ स्क्रिप्टमध्येच घाला. तो ३२ बिट आहे की ६४? एसव्हीएमऑनमध्ये ६४-बिट कॉलमखाली वाय आहे का एन?

गावठी_सर्व्हर
/टीएमपी किती भरलीय ते मात्र अजून सांगितलं नाही.