मदत हवी आहे : ऊसतोडीला गेलेल्या लेकरांसाठी गणिताचे व्हिडिओ, माझं कुठं चुकतंय?

बालाघाटचा मास्तर

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या शाळेवर सहावीला गणित शिकवतो. दिवाळीच्या मागंपुढं निम्मा वर्ग आईबापासंगं कारखान्याला जातो, तो पाडव्याच्या सुमाराला परत. यंदा त्यांच्यासाठी व्हिडिओ करायला घेतले.

पहिला अपूर्णांकांच्या बेरजेचा. हौसेनं केला. सुरुवातीला शाळेचं नाव गोल फिरत येतं, मागं बासरी, मग स्लाइडवर अख्खा उतारा आणि तोच मी वाचून दाखवतोय. कोपऱ्यात माझं तोंड. १४ मिनिटं, जवळपास १९० एमबी. शिक्षकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

पालकांचं मात्र एकच, "सर, उघडंना." फोन बापाच्या खिशात, बाप फडात, रात्री कोपीवर म्हणजे झोपडीवर येईस्तोवर बॅटरी संपलेली. शेवटी एकानं रेंज धुंडत जाऊन तो उतरवून घेतला. दोन दिवसांनी त्याच्या पोराला फोन लावला. माझं बोलणं पोराला तोंडपाठ, 'छेद समान करून घ्यावेत' सकट. म्हटलं, १/२ अधिक १/४ किती?

"दोन छेद सहा, सर."

मागं त्याची आई भाकरी थापत होती, थापटण्याचा आवाज फोनमध्ये येत होता. सुचलं म्हणून विचारलं, अर्धी भाकर खाल्ली, वर चतकोर घेतली, तर किती झाली?

"पाऊण की!" मग मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "पण सर, ते भाकरीचं झालं. हे गणित आहे."

तेव्हापासून झोप नाही. व्हिडिओ लहान करायचा हे कळलं, पण कापू काय? अक्षरं ठेवू की आवाज? तोंड दाखवावं का? आणि एमबी कसे आटोक्यात आणू?

खडूफळा

मास्तर, अक्षरं आणि आवाज दोन्ही ठेवा, पण एकच मजकूर दोनदा नको. रिचर्ड मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं यावर अनेक वर्षं प्रयोग केले. चित्र चालू असताना तेच वाक्य कानावर आणि पडद्यावर एकदम आलं, तर डोळे चित्र सोडून अक्षरांमागं धावतात आणि दोन्हींचा मेळ घालण्यात डोकं शिणतं. चित्र आणि बोलणं पुरतं. पडद्यावर फार तर 'छेद' एवढा एखादा शब्द, तोही ज्या भागाबद्दल बोलताय त्याला चिकटून. बासरी आणि फिरतं नाव काढा, त्यानं आकलन वाढत नाही. तोंड सुरुवातीला दोन-चार सेकंद, ओळख पटण्यापुरतं.

लांबीचं म्हणाल तर एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ साली झाला. सहा मिनिटांपुढं लोकांचं लक्ष टिकत नाही असं त्यात दिसलं. ती बहुतेक मोठी माणसं होती हो, तुमच्या पोरांना चारच धरा.

खरं सांगू? तुमचा व्हिडिओ त्या पोरानंच सांगितलाय. वरून कॅमेरा लावा, ताटात भाकरी, दोन हात. अर्धी मोडा, चतकोर मोडा, अर्धीचे दोन चतकोर करा. तीन चतकोर झाले की शेजारी ३/४ लिहा. छेद समान करणं म्हणजे हेच, हे त्याला डोळ्यानं दिसू द्या. आणि उत्तराआधी "थांबव आणि वहीत लिही" असं म्हणून खरंच थांबा.

रात्रपाळी

एमबीचं सोपं आहे. चित्राची बारकाई ४८० पी, आवाज मोनो म्हणजे एकपदरी, चित्र आणि आवाज मिळून ३०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवा. चार मिनिटांना ९ एमबी. हॅण्डब्रेक हे व्हिडिओ दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एच.२६४ ही दाबायची पद्धत निवडा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते परत दाबून चित्र बिघडवतं. फोन हातात धरू नका, डब्यावर टेकवा. चित्र हललं की कमी केबीपीएसमध्ये चिखल होतो. पंखाही बंद करा.

बालाघाटचा मास्तर

केलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद, ८ एमबी. भाकर घरून आणली होती, दुसऱ्या टेकला वाळून तिचा पार चुरा झाला. तीन टेक लागले.

त्या पोरानं वहीचा फोटो पाठवला. ३/४, आणि खाली न सांगता १/४ + १/४ = 'अर्धी' असं लिहिलंय. फोटोत पानावर काजळीचं बोट उठलंय.

आता अडलोय पुढच्यावर. पाव, अर्धा, पाऊणला घरचे शब्द होते. १/३ ला भाकरीत शब्दच नाही. तिथं काय दाखवू?

खडूफळा

भाकरी सोडा, रानात या. तिसऱ्या हिश्श्यानं रान कसलेलं त्यांच्या घरात कुणी ना कुणी असेलच. चौकोनी तुकडा काढा आणि दोन बांध घाला.