गौडबंगाल, सापळा आणि हाडाचा डिटेक्टिव्ह

वाचनवेडी: भाचीने माथी मारलं म्हणून 'स्कलडगरी प्लेझंट' वाचायला घेतलं. आयरिश लेखक डेरेक लँडी, साल २००७, नायिका बारा वर्षांची. मी चाळिशी उलटलेली. भयकादंबऱ्या लिहिणारा काका वारतो, इस्टेट पुतणीला मिळते, आणि अंत्यविधीला हॅट, गॉगल, मफलर अशा बंदोबस्तात एक गृहस्थ हजर. आत नुसती हाडं! हाच डिटेक्टिव्ह स्कलडगरी प्लेझंट. जादू करतो, गुंडांना बडवतो आणि तोंडाचा पट्टा क्षणभर थांबवत नाही. लोकलमध्ये मी एकटीच खिदळत होते.

आता बहिणीची धाकटी मुलं म्हणतात, मराठीत सांग. आणि माझं घोडं नावापाशीच अडलंय. 'स्कलडगरी' म्हणजे छुपे उद्योग, लबाडी. पण त्यात 'स्कल', म्हणजे कवटीही ऐकू येते. 'कवटीकपट' सुचलं, पण ते चूर्णाच्या नावासारखं वाटतं.

मोडीवाला: ताई, कवटीचा नाद सोडा. तो शब्द स्कॉटलंडकडच्या 'स्कल्डडरी'वरून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ चावट, व्यभिचाराकडे झुकणारा. कवटीशी नातं फक्त कानाचं. लेखकाने ते झकास वापरून घेतलं.

अर्थाकडून जाऊ. 'कारस्थाना'ला चार डोकी लागतात. 'लबाडी' फार किरकोळ, दुधात पाणी घालण्याइतकी. 'काळंबेरं' हा संशय झाला. 'कुठंतरी पाणी मुरतंय' हे वाक्य झालं, नाव नाही. माझं मत 'गौडबंगाल'ला. गौड म्हणजे बंगालचा जुना प्रदेश. मंत्रतंत्र, जादूटोणा तिकडचा, असा आपल्याकडे समज. म्हणून शब्दात आधी जादू, मग फसवणूक, मग न उलगडणारं कोडं. आज आपण टेंडरमधलं गौडबंगाल म्हणतो तेव्हा जादू विसरलेले असतो, एवढंच. अद्भुत आणि रहस्य एकाच शब्दात देणारा दुसरा शब्द मला तरी दिसत नाही.

ठोंब्या: मग 'प्लेझंट'चं काय? गोडबोले! गौडबंगाल गोडबोले!!

वाचनवेडी: मेले हसून! आणि तो आहेच तसा. समोर राक्षस उभा असताना स्वतःच्या सुटाचं कौतुक करेल.

पानवेल: रंगाचा बेरंग करते, माफ करा. गोडबोले म्हटल्याबरोबर तो मला स्कूटरवरून मंडईत निघालेला दिसायला लागला. गोष्ट डब्लिनची आहे, त्याच्याकडे जुनी बेंटली गाडी आहे. पोरांना तोंडी सांगताना गोडबोले खुशाल चालवा. छापायचं तर मूळ नाव ठेवा.

मोडीवाला: पानवेलताईंशी सहमत. 'गुप्तहेर'ही टाळा. तो शब्द ऐकला की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात, म्हणजे शत्रूच्या मुलखातून खबर आणणारा. इथे गुन्ह्याचा छडा लावायचाय. सरळ 'डिटेक्टिव्ह' म्हणा, मुलांना कळतं.

ठोंब्या: पण 'हाडाचा डिटेक्टिव्ह' म्हणता येईल की! हाडाचा शिक्षक, हाडाचा कलावंत, तसा.

मोडीवाला: ठोंब्या, आज फॉर्मात आहेस. 'हाडाचा' म्हणजे अस्सल, 'हाडांचा' म्हणजे हाडांपासून झालेला. सगळी मजा एका अनुस्वाराची, आणि बोलताना तो बहुतेकांच्या तोंडून गळतोच. तोंडी सांगताना दोन्ही अर्थ आपसूक मिळतील.

तसाच 'सापळा'. इंग्रजीत सांगाड्याला एक शब्द, पिंजऱ्याला दुसरा. आपल्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला तोही सापळा आणि लाचखोराला पकडायला रचतात तोही सापळा. 'सांगाडा' इमारतीचाही असतो, छत्रीचाही. इथे सापळाच हवा.

ठोंब्या: 'सापळ्याने सापळा रचला.' मथळा तयार.

वाचनवेडी: घेतला! आणखी एक. त्याची मूळ कवटी चोरीला गेलीय, सध्याची त्याने पत्त्यांत जिंकलेली. म्हणजे बाबा खरोखरच दुसऱ्याच्या डोक्याने चालतो. हे मी मुलांना सांगितलं तर मोठा लोळला, धाकटीने विचारलं, मग जुन्या आठवणी कुठे असतात? मी सरबत करायला उठले.

नावांचंही अडलंय. या पुस्तकातल्या जगात माणसाला तीन नावं: एक खरं, त्याचं त्यालाही सहसा माहीत नसलेलं, एक आईबापांनी दिलेलं, एक स्वतः घेतलेलं. घेतलेलं नाव असलं की दिलेल्या नावावरून कुणी ताबा मिळवू शकत नाही.

पानवेल: आपल्याकडे सोय आहे. नावरस नाव, पाळण्यातलं नाव, टोपणनाव. नावरस नाव आपणही चारचौघांत सांगत नाही, पत्रिकेतच राहतं. फक्त 'नाव घेतलं' म्हणू नका, पोरं उखाणा समजतील.

नवखा: एवढी मोठी माणसं आणि बालिश पुस्तकावर एवढा खल?

पानवेल: 'बालिश' हा मोठ्यांच्या वागण्याला लावायचा शब्द आहे, पुस्तकाला नाही. मुलांसाठीचं ते बालसाहित्य, थोड्या मोठ्यांचं कुमारसाहित्य. मृत्युपत्राच्या वाचनाला टपून बसलेले नातेवाईक आणि त्यांच्या पदरात पडलेल्या गोष्टी यातली खोच बारा वर्षांच्या मुलीला अर्धीच कळेल. वाटण्या पाहिलेल्या माणसाला पुरती कळते.

वाचनवेडी: बरं, ते होऊ द्या. एक शिंपी राहिलाय. 'गास्टली बिस्पोक'. चेहराभर व्रण, बॉक्सिंग खेळलेला, माणूस लाख मोलाचा, आणि सूट असे शिवतो की बघत राहावं.

ठोंब्या: भेसूर शिंपी?

मोडीवाला: भेसूर बरोबर. पण 'बिस्पोक' म्हणजे माप घेऊन बेतलेलं. भेसूर मापारी कसं वाटतं?

पानवेल: मापारी धान्य मोजणारा, हो. कापडाचं काय?

ठोंब्या: भेसूर बेतकर.