होमस्टेच्या पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय कसं करावं?

नारळाची_वाडी
गुहागरला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. फायबरचं 100 एमबीपीएस कनेक्शन, राउटर कंपनीनेच दिलेला. त्याच वायफायवर सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बिलांचा लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, सगळं. पासवर्ड तीन वर्षं तोच, जेवणाच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला. परवा आईची मालिका चालू असताना खोली दोनमधल्या पोराने आपल्या मोबाइलवरून टीव्हीवर कार्टून लावलं. आई म्हणाली, टीव्हीत भूत शिरलं. मला घाम फुटला तो निराळ्याच विचाराने: टीव्ही दिसतोय तर रेकॉर्डरही दिसत असणार. पाच हजारांत काही होईल का? पाहुणा गेला की त्याचं नेटही जायला हवं.

तांब्याची_तार
आधी फुकटात होतंय का बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असेल तर चालू करा आणि आतलं नेटवर्क दिसण्याची परवानगी बंद ठेवा. मग स्वतःच पाहुणे व्हा: त्या वायफायवर जाऊन फोनच्या ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, टाका. लॉगिनचं पान उघडलं तर ते गेस्ट फक्त नावाचं.

पुणेरी_पोर्ट
नाहीतर जुना राउटर असेलच. तो कंपनीच्या राउटरला जोडा आणि पाहुण्यांना त्यावर सोडा. झालं काम.

ओसरी
थांबा, हे बरोबर उलटं झालं! मागे जोडलेल्या (तुमच्या जुन्या) राउटरवरून पुढच्या (कंपनीच्या) राउटरवरचं सगळं दिसतं, पुढून मागचं दिसत नाही. पाहुणे ओसरीवर, आपण माजघरात. म्हणजे पाहुण्यांना कंपनीच्या राउटरचं वायफाय द्या आणि रेकॉर्डर, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही आपल्या राउटरवर घ्या. कंपनीच्या राउटरकडून येणारी केबल आपल्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत येतं त्या खाचेत, आयपी निराळे, उदा. 192.168.2.x. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे पुढचंच नेटवर्क नुसतं पसरवायला, टाकलात तर मधली भिंतच गेली. आणि कंपनीच्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, नाहीतर ओसरीवरचा माणूस घराच्या किल्ल्या घेऊन बसेल.

पुणेरी_पोर्ट
मान्य. चुकलो.

रात्रपाळी
पाहुण्यागणिक मुदत हवी तर मिक्रोटिक कंपनीचा छोटा राउटर घ्या, त्यात हॉटस्पॉट असतो, म्हणजे कूपनचा कोड टाकल्यावरच नेट देणारं लॉगिन पान. दोन दिवसांचं कूपन, माणशी 5 एमबीपीएस. शिकायला दोन रविवार जातील, आधीच सांगतो. फोन ओळखून अडवायच्या फंदात मात्र पडू नका, आताचे फोन सहसा खरा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कायमचा ओळखक्रमांक, सांगतच नाहीत. कुठलं कूपन कुठल्या खोलीला, ते नोंदवहीत लिहा. 2008 मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता आणि पोलीस त्या घरीच पोचले होते.

नारळाची_वाडी
ओसरी-माजघर केलं, जुन्याच राउटरवर. खोली दोनमधून रेकॉर्डरचा आयपी टाकला, पान नुसतं गोल फिरत राहिलं. खोली चारमधून टाकला तर थेट लॉगिन! तिथे वायफाय लांबवर पोचवणारा एक्स्टेंडर आहे.

ओसरी
त्याची केबल कुठे गेलीय?

नारळाची_वाडी
माजघरात. 😅 काढून पुढच्या राउटरला लावली, आता चारमधूनही उघडत नाही. पासवर्ड सध्या दर सोमवारी बदलतोय, कूपनचं पावसाळ्यात बघू. भिंतीवरचा कागद निघता निघेना, रंग घेऊनच आला.