मदत हवी आहे: डीबगएफएसने ब्लॉक उघडून पाहतेय, पण आकड्यांचा अर्थ लागत नाही (पुसलेली मराठी फाइल, लिनक्सची ईएक्सटी४ फाइलप्रणाली)

शब्दवेडी

नमस्कार. बोलीतल्या शब्दांची एक यादी गेली दोन वर्षं एकाच टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत होते. काल पेन ड्राइव्हवरची जागा मोकळी करताना तीच फाइल आरएम या पुसायच्या आज्ञेने उडवली. दुसरी प्रत नाही. लक्षात आलं त्याच क्षणी पेन ड्राइव्ह अनमाउंट न करता तसाच उपसून काढला. ते बरोबर केलं की चूक, माहीत नाही.

त्यानंतर मात्र घाई केली नाही. ड्राइव्ह पुन्हा माउंट न होऊ देता डीडीने (जशीच्या तशी नक्कल करणारी आज्ञा) त्याची संपूर्ण प्रतिमा घेतली आणि आता जे काही करते आहे ते त्या प्रतिमेवरच. प्रतिमा थेट डीबगएफएसला (फाइलप्रणालीच्या आत डोकावायचं साधन) दिली तर सुपरब्लॉकमधला, म्हणजे फाइलप्रणालीच्या मुख्य माहितीच्या ब्लॉकमधला, मॅजिक नंबर (ओळखीची खूण) चुकीचा आहे म्हणून तक्रार आली. मग कळलं की प्रतिमा पूर्ण ड्राइव्हची आहे आणि विभाजन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं. २०४८ गुणिले ५१२ म्हणजे १०४८५७६, एवढा ऑफसेट लूसेटअपला (प्रतिमा लू उपकरण म्हणून डिस्कसारखी जोडणारी आज्ञा) दिल्यावर उघडली. ब्लॉकचा आकार ४०९६ आहे.

एलएसला -डी दिल्यावर फाइलचं नाव दिसलं आणि त्याच्यासमोर कोनी कंसात आयनोड (फाइलचा आकार, वेळा आणि पत्ते ठेवणारी नोंद) <१८३७>. केवढा आनंद झाला! पण स्टॅट <१८३७> केलं तर आकार ०, ब्लॉक ०, लिंक ०, आणि पुसल्याची वेळ मात्र अचूक. एक्स्टेंट्सच्या (सलग ब्लॉकांच्या पत्त्यांच्या) पुढे काहीच नाही.

मग जर्नलमध्ये, म्हणजे फाइलप्रणाली स्वतःच्या बदलांची नोंद ठेवते तिथे, शोधायचं ठरवलं. जर्नल छापणारं लॉगडंप नुसतं दिलं तर पहिल्या काही ओळींतच संपलं. मोठ्या ओचा पर्याय आणि सोबत -आय <१८३७> दिल्यावर याच आयनोडच्या तीन नोंदी दिसल्या. तिसरीत सगळी शून्यं. पहिल्या दोन अशा:

आकार ९१४०२
ब्लॉक्स: (०+१): १२७७५४ (१+१): ४ (४+१): २३ (५+१): ६०४१६

आकार ९१७३४
ब्लॉक्स: (०+१): १९३२९० (१+१): ४ (४+१): १६ (५+१): ३४८१६ (६+१): १६ (७+१): ७ (८+१): ५१२३७

आकार बरोबर आहेत, माझी फाइल नव्वद हजार बाइट्सच्या आसपास होती. म्हणून यातला प्रत्येक क्रमांक ब्लॉक_डंपने उघडला. १२७७५४ आणि १९३२९० दोन्हींत नुसती शून्यं. ४, ७ आणि १६मध्ये काहीतरी तांत्रिक. ३४८१६, ५१२३७ आणि ६०४१६मध्ये कचरा, उजवीकडच्या रकान्यात एकही अक्षर नाही, फक्त टिंबांच्या रांगा.

आणखी एक. डावीकडचा आकडा ००००, ००२०, ००४० असा वाढत शेवटच्या ओळीत ७७६० होतो. ब्लॉक ४०९६ बाइट्सचा असेल तर ७७६० कुठून आला? मी चुकीच्या आकाराचे ब्लॉक वाचते आहे का?

फाइल गेली असेल तर तसं स्पष्ट सांगा. फक्त प्रयत्न अर्धवट सोडायचा नाही.

जुनाखलाशी

शब्दवेडीताई, फाइल गेलेली नाही. तुम्ही ज्याला कचरा म्हणताय तीच तुमची यादी आहे. आधी ते सांगतो, जीव भांड्यात पडू दे.

उजवा रकाना फक्त आस्कीतली (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) अक्षरं दाखवतो. बाकी प्रत्येक बाइटसाठी टिंब. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं आणि त्यातला एकही बाइट आस्कीत बसत नाही. म्हणून तिथे मराठी मजकूर टिंबांसारखाच दिसणार. मधला रकाना बघा. ‘ई० ए४’ आणि ‘ई० ए५’ या जोड्या सारख्या येतायत का? देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ. त्याचा पहिला अर्धा भाग ई० ए४ने सुरू होतो, दुसरा ई० ए५ने. ‘मराठी’ हा शब्द असा दिसेल:

ई० ए४ एई, ई० ए४ बी०, ई० ए४ बीई, ई० ए४ ए०, ई० ए५ ८०

म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. मधूनमधून २० दिसेल ती मोकळी जागा, ०ए दिसेल तिथे ओळ संपते. स्ट्रिंग्ज ही आज्ञासुद्धा तिच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये हा मजकूर दाखवत नाही. मराठी फाइल शोधणारे याच ठिकाणी हार मानतात, फार वाईट वाटतं.

७७६०चं उत्तर सोपं आहे. डीबगएफएसचा ब्लॉक_डंप डावीकडचा ऑफसेट अष्टमान पद्धतीत छापतो, म्हणून १६ बाइट्सनंतर ००२० येतं. अष्टमान ७७६० म्हणजे दशमान ४०८०. त्यात शेवटच्या ओळीचे १६ मिळवा, ४०९६ झाले. ब्लॉकचा आकार बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट. १९३२९० हा ब्लॉक क्रमांक नाहीच.

आयनोडमध्ये ६० बाइट्सची एक जागा असते, चार-चार बाइट्सचे १५ खण. ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३मध्ये त्यातल्या पहिल्या बारा खणांत थेट ब्लॉक क्रमांक असत. ईएक्सटी४ त्याच जागेत एक्स्टेंटचं झाड ठेवते: आधी १२ बाइट्सचं शीर्षक, मग १२-१२ बाइट्सच्या नोंदी, जास्तीत जास्त चार. जर्नलमधली आयनोडची प्रत छापताना लॉगडंप मात्र जुन्याच समजुतीने चालतं. प्रत्येक खण ब्लॉक क्रमांक असल्यासारखा छापतं आणि शून्य असलेले खण गाळतं. तुमची दिशाभूल साधनाने केली. तुमचं काही चुकलं नाही.

१९३२९० सोळामान पद्धतीत लिहून पाहा: ०००२एफ३०ए. खालचा अर्धा भाग एफ३०ए, ही एक्स्टेंट शीर्षकाची खूण. वरचा अर्धा भाग २, म्हणजे नोंदी दोन. १२७७५४ म्हणजे ०००१एफ३०ए, तीच खूण आणि नोंद एक. लॉगडंपमध्ये १२७७५४ दिसला की मी तो ब्लॉक उघडायला जातच नाही, इतक्या वेळा पाहिला आहे. त्यापुढचा ४ म्हणजे आयनोडमध्ये मावणाऱ्या नोंदींची संख्या. त्याच खणाच्या वरच्या अर्ध्या भागात झाडाची खोली असते, ती तुमच्याकडे शून्य. नोंदी थेट मजकुराकडेच बोट दाखवतात, मध्ये आणखी पायरी नाही. नशीब चांगलं.

उरलेले खण (मोजणी शून्यापासून) तीन-तीनच्या गटात वाचा: फाइलमधला कितवा ब्लॉक, लांबी किती, ड्राइव्हवर सुरुवात कुठे. ९१७३४ आकाराच्या नोंदीत तिसरा खण शून्य, म्हणजे फाइलची सुरुवात. चौथा १६, पाचवा ३४८१६: पहिले १६ ब्लॉक ३४८१६ ते ३४८३१मध्ये आहेत. सहावा १६, सातवा ७, आठवा ५१२३७: फाइलचा ब्लॉक १६पासून पुढचे ७ ब्लॉक ५१२३७ ते ५१२४३मध्ये. एकूण २३. ४०९६ने गुणलं तर ९४२०८, त्यात ९१७३४ बाइट्स मावतात आणि २२ ब्लॉकमध्ये मावले नसते. हिशेब जुळतो.

दोन नोंदींत ज्या व्यवहाराचा (जर्नलमध्ये एकत्र लिहिलेल्या बदलांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक मोठा ती नंतरची. माझ्या मते ९१७३४वालीच शेवटची. आधीची, ६०४१६पासून सलग २३ ब्लॉकची, तीही काढून ठेवा. तुमचा एडिटर जतन करताना फाइल रिकामी करून नव्याने लिहीत असणार, म्हणून दोन आवृत्त्या दोन ठिकाणी राहिल्या.

अर्धविराम

खलाशीदादांनी सगळं सांगितलंच आहे. जर्नलबद्दल थोडं जोडतो, नंतर येणाऱ्यांना उपयोग होईल.

नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फक्त आयनोड, डिरेक्टरी, बिटमॅप यांचे ब्लॉक जातात, फाइलमधला मजकूर जात नाही. म्हणून जर्नलमध्ये यादी शोधू नका, यादीचा पत्ता शोधा. जर्नल गोल फिरतं, जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. तुम्ही ड्राइव्ह लगेच काढलात आणि पुन्हा माउंट केला नाही, म्हणूनच या नोंदी शिल्लक आहेत. उपसून काढणं एरवी चुकीचं, पण या एका प्रसंगात तेच उपयोगी पडलं. हाच प्रकार ट्रिम (मोकळे झालेले ब्लॉक डिस्कला कळवणारी सोय) चालू असलेल्या एसएसडीवर झाला असता तर पत्ता सापडूनही ब्लॉकमध्ये बहुधा शून्यंच मिळाली असती.

एलएस -डीने नाव दाखवलं हेही जुन्या कर्नलमुळे. नव्या कर्नलमध्ये पुसताना डिरेक्टरीतली नोंदसुद्धा कोरी केली जाते. तेव्हा आयनोडचा क्रमांक दुसऱ्या वाटेने शोधावा लागतो.

शब्दवेडी

दोघांचे मनापासून आभार. ई० ए४, ई० ए४, ई० ए४... तुम्ही म्हणालात तसंच आहे, पानभर. मी काल रात्री तासभर स्वतःच्याच यादीकडे बघत होते आणि ओळखली नाही.

डीडीला ब्लॉक आकार ४०९६, स्किप ३४८१६, काउंट १६ दिले. निघालेली फाइल एडिटरमध्ये उघडली तर एका जुन्या छायाचित्राचा तुकडा आहे, मजकूर नाहीच! ब्लॉक_डंप ३४८१६ अजूनही ई० ए४ दाखवतो. एकाच क्रमांकाला दोन वेगळ्या गोष्टी कशा?

अर्धविराम

डीडीला प्रतिमेची मूळ फाइल दिलीत का? डीबगएफएस लूमधून विभाजनाच्या सुरुवातीपासून मोजतो आणि मूळ प्रतिमा ड्राइव्हच्या सुरुवातीपासून. मधलं अंतर १०४८५७६ बाइट्स, म्हणजे ४०९६चे बरोबर २५६ ब्लॉक. एक तर डीडीला लू उपकरण द्या, नाहीतर स्किपमध्ये २५६ मिळवा: ३५०७२ आणि ५१४९३.

शब्दवेडी

निघाली!! पहिला तुकडा ‘अ’पासून सुरू होतो. डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा तुकडा वेगळा उघडला तर पहिल्याच जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, त्यापुढचं सगळं नीट. तिथला एखादा बाइट बिघडला असेल का?

जुनाखलाशी

बिघडलेला नाही. ४०९६ला तीनने भाग जात नाही, म्हणून ब्लॉकची सीमा एखाद्या अक्षराच्या मधोमध पडू शकते. पहिल्या तुकड्याचे शेवटचे दोन बाइट आणि दुसऱ्याचा पहिला बाइट बघून इथे लिहा. दोन्ही मिळून देवनागरीचं अक्षर होत असेल तर तुकड्यांचा क्रम बरोबर असल्याचा तो एक चांगला पुरावा. पत्ता हाती नसताना सुटे ब्लॉक जुळवायचे असतील तेव्हाही मी हेच करतो: ज्याच्या शेवटी नुसता ई० आहे, त्याच्यापुढे ए४ किंवा ए५ने सुरू होणारा ब्लॉकच लागू शकतो.

कॅटने दोन्ही तुकडे जोडा आणि हेड -सी ९१७३४ने कापा. शेवटच्या ब्लॉकमधले उरलेले २४७४ बाइट्स शून्यांचे असतील, ते फाइलचे नाहीत. हेक्सडंप वापरणार असाल तर मोठा सी पर्याय विसरू नका. नुसता हेक्सडंप आपल्या संगणकांवर दोन-दोन बाइट उलटे दाखवतो आणि ई० ए४चं ए४ई० होतं.

शब्दवेडी

पहिल्याच्या शेवटी ई० ए४, दुसऱ्याच्या सुरुवातीला बी०. म्हणजे ‘र’. जोडल्यावर ‘शिराळ’ हा शब्द अखंड उभा राहिला, त्याच्या अर्थासकट.

कापलेली फाइल बरोबर ९१७३४ बाइट्सची आहे. ६०४१६वाली आवृत्तीही काढली आणि डिफ लावून पाहिला. फरक फक्त शेवटी, काल दुपारी लिहिलेल्या तीन ओळींचा. त्या तिन्ही नव्या फाइलमध्ये आहेत. दोन्ही फाइली आणि प्रतिमा आता वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत.

धाग्यावर ‘उत्तर मिळालं’ अशी खूण करते आहे.