संक्रांतीचं वाण घरच्या जुन्या कापडातून करावं की नाही?

कात्रणवही

संक्रांत महिन्यावर आली. तुळशीबागेत आता वाणाच्या वस्तूंचे ढीग लागतील: प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, डझनावारी मिळणारे छोटे डबे, पातळ प्लॅस्टिकचे ट्रे. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या घरी अशा कितीतरी वस्तू गोळा होतात. त्यातल्या निम्म्या माळ्यावर जातात आणि पुढच्या जानेवारीत दुसऱ्या घरी वाण म्हणून खाली उतरतात. दिलेली वस्तू आपल्याला नको होती म्हणूनच ती फिरते आहे, हे देणारीला माहीत असतं आणि घेणारीलाही.

माझं म्हणणं आहे की वाण घरातल्या जुन्या कापडातून करावं. सुती साडीच्या भाजीच्या पिशव्या करा. पदराचे बटवे करा. काहीच शिवता येत नसेल तर पोळ्यांच्या डब्यात घालायचे रुमाल करा. चारी बाजूंनी दुमडून टीप मारली की झालं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड पोळीची वाफ जितकी छान टिपतं तितकं नवं, खळीचं कापड टिपत नाही. हा रुमाल प्रत्येक घरात रोज लागतो, त्यामुळे तो माळ्यावर जाण्याचा प्रश्नच नाही.

खर्च दोऱ्याच्या रिळाचा. पण मी हे फक्त पैसे वाचवण्यासाठी सांगत नाहीये. वाण म्हणजे रोज हाताला लागणारं काहीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

ओवी_सातारकर

असहमत, आणि बऱ्यापैकी ठामपणे.

"खर्च दोऱ्याच्या रिळाचा" हे वाक्य मला खटकलं. चाळीस जणींचं हळदीकुंकू धरा. सरावलेल्या हाताला अस्तराच्या एका बटव्याला अर्धा तास लागतो. म्हणजे वीस तास. हे वीस तास कोणाचे? ज्या बाईने घर आवरायचं, तिळाच्या वड्या थापायच्या, अत्तरगुलाब काढून ठेवायचे, शिवाय नोकरी असेल तर तीही करायची, तिचेच. तिच्या वेळेला किंमत नाही असं गृहीत धरलं तरच हे वाण स्वस्त पडतं. बाजारातली वीस-तीस रुपयांची वाटी तिला निदान रात्री झोपू देते.

हाताने केलेल्याचं कौतुक सगळे करतात. पण "या वर्षी काय केलंस?" ही अपेक्षा एकदा तयार झाली की दरवर्षी तिच्याच डोक्यावर बसते. दिवाळीच्या फराळाचं आपण हेच केलं. विकत आणला की अजूनही बायकांना ओशाळल्यासारखं होतं. आता वाणाचंही तसंच करायचं का?

कात्रणवही

ओवी, वेळेचा मुद्दा खरा आहे. पण बटव्याचा हिशोब रुमालाला लावू नकोस. सरळ चार टिपा, दहा मिनिटांचं काम, त्यात इस्त्रीही आली. आणि स्वतः शिवायचंच असं मी म्हणतच नाही. आपल्या गल्लीत ब्लाउज शिवणारी, पिको-फॉल करणारी एक तरी बाई असते. लग्नसराई नसेल तेव्हा तिला कापड द्यावं आणि ती मागेल ती शिलाई द्यावी. वाटीचे पैसे वाटी बनवणाऱ्या कारखान्याकडे जातात, हे तिच्याकडे जातील.

ओवी_सातारकर

हे मान्य. पण मग त्याला स्वस्त म्हणू नकोस. शिलाई देऊन एक पिशवी वाटीपेक्षा महागच पडणार, आणि पडायलाच हवी. मला हस्तकलेबद्दल राग नाही. फुकट श्रमांना "हौस" म्हणून झाकण्याबद्दल आहे.

बोरकूट

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी असेन, म्हणून स्पष्ट लिहिते. वाण कोरं असावं. नेसलेल्या लुगड्याचा तुकडा सवाष्णीच्या हातात द्यायचा, हे मला पटत नाही. आमच्याकडे देण्याची वस्तू आधी देवापुढे ठेवत, तिला हळदकुंकू लावत. तिथे वापरलेलं कापड ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि मुळात संक्रांतीचं वाण काय होतं ते आठवा. सुगडात ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरं, गाजराचे तुकडे, तीळगूळ. शेतात त्या दिवसांत पिकतं ते. चार दिवसांत खाऊन संपतं, सुगड तेवढं उरतं, ते तुळशीपाशी ठेवलं जातं. वस्तू लुटायची पद्धत नंतर वाढली. तुम्ही बाजारच्या वस्तूऐवजी घरची वस्तू द्या म्हणता. मी म्हणते वस्तूच कशाला?

कात्रणवही

आजी (चालेल ना म्हटलेलं?), सुगडाचं सगळं पटलं. वापरलेल्या कापडाबद्दल मात्र एक विचारते. घरात बाळ जन्मलं की त्याला पहिलं काय गुंडाळतात? आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी. लंगोट, टोपडी, कुंचीचं अस्तर, सगळं जुन्या मऊ कापडाचं. नवं कापड टोचतं म्हणून ते मुद्दाम टाळतात. सगळ्यांत जपायच्या जिवाला जे चालतं ते सवाष्णीला का चालू नये?

बोरकूट

आजी म्हण, आनंदच आहे. पण बाळाला घरचं कापड घालतात, बाई. ज्या आजीचं लुगडं, त्याच घरचं बाळ. त्यात तिची ऊब असते. शेजारणीला माझ्या लुगड्याची ऊब कशाला? गोधडीचंही तेच. सासरी जाणाऱ्या लेकीला आईच्या पातळांची गोधडी देतात, शेजारच्या लेकीला देत नाहीत. जुनं कापड नात्यात फिरतं. नात्याबाहेर दिलं की ते दान होतं, आणि ओळखीच्या बाईला दान दिल्यासारखं वाटता कामा नये.

सुतळी

बोरकूट यांच्या वरच्या प्रतिसादाला +१. हा फरक माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

दोघींना चालेल असा एक मार्ग सुचवते. ब्लाउजपीस! प्रत्येकीच्या कपाटात त्यांची चळत असते. लग्न, मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण, कुठेही गेलं की मिळतात. रंग जुळत नाही म्हणून आपण शिवत नाही आणि दुसरीला देऊन टाकतो. कापड कोरं असतं, कोणी नेसलेलं नसतं. ऐंशी सेंटिमीटरच्या एका तुकड्यात अस्तराचे दोन-तीन बटवे सहज बसतात. टाकाऊ तर नाहीच, आणि पडूनही राहणार नाही.

बोरकूट

हे चालेल. फक्त ओटीत आलेला खण मी कापणार नाही, तो वेगळा ठेवावा. बाकी दुकानी ब्लाउजपीसचं खुशाल काहीही करा.

तांबडं_फुटलं

मी पुण्यात कचरा वर्गीकरणाच्या कामात आहे, म्हणून धाग्याच्या थोडं बाहेरचं पण संबंधित लिहितो. कापडाबद्दल माझी काही तक्रार नाही. "टाकाऊतून टिकाऊ" या नावाखाली बाटल्यांचं जे होतं, त्याबद्दल आहे.

पाण्याची किंवा शीतपेयाची पारदर्शक बाटली तशीच दिली तर कचरावेचक ती उचलतात, तिला भाव मिळतो, तिचा पुढे धागा होतो. त्याच बाटलीला अ‍ॅक्रिलिक रंग फासला, ग्लू-गनने आरसे चिकटवले, वर चमकी भुरभुरली आणि "फुलदाणी" म्हणून भेट दिली, की वर्षभरात ती कचऱ्यात येते आणि तेव्हा भंगारवालाही तिला हात लावत नाही. रंग, गोंद आणि प्लॅस्टिक वेगळं कोण करणार? म्हणजे पुन्हा वापरात जाऊ शकणारी वस्तू आपण आपल्या हाताने कायमचा कचरा करून टाकली. शाळांतून मुलांना हेच शिकवतात याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. या बायकांचं पोट स्वच्छ, सुट्या, न चिकटवलेल्या मालावर चालतं. बाटलीची भेट करण्यापेक्षा ती धुऊन त्यांना द्या.

काचेच्या बरण्या मात्र जरूर वापरा. लोणच्याची किंवा जॅमची बरणी उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली की तीळगूळ भरून देता येते. झाकणाला आतून गंज असेल तर झाकण बदला. आणि तीळगुळाच्या पुड्या वर्तमानपत्राच्या करू नका. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्येही पुन्हा बजावलं आहे.

ऱ्हाइनकाठी

चमकीबद्दल पूर्ण अनुमोदन. मी जर्मनीत असते. ऑक्टोबर 2023 पासून युरोपीय संघात सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आली आहे, कारण ती सूक्ष्म प्लॅस्टिकच आहे, धुताना थेट पाण्यात जाते. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला त्याआधी सगळे बटवे चमकीने भरलेले असायचे. आता नुसती दोऱ्याची टाक्याटाक्यांची नक्षी असते, आणि मला तीच जास्त आवडते.

माजघर_लातूर

एक मुद्दा कोणीच काढला नाही. जुनी साडी "टाकाऊ" आहे हे कोणी ठरवलं? आमच्याकडे बोहारीण अजून येते. चार साड्या आणि दोन पँटी दिल्या की स्टीलचं पातेलं देते. ते कपडे पुढे धुऊन, दुरुस्त करून विकले जातात आणि नवं घेणं परवडत नाही त्या घरांत नेसले जातात. अखंड नेसण्याजोगी साडी कापून तिच्या पिशव्या केल्या की ती त्या बाईच्या अंगावर जाणार नाही. शहरातल्या हौसेपायी हे विसरू नये.

आणि आमच्या भागात वाकळ हौस म्हणून शिवत नव्हते. थंडीत पांघरायला दुसरं काही नव्हतं म्हणून शिवत. थरावर थर घालून धावदोरा मारत बसायचं, बोटं सोलायची. ते कष्ट ज्यांनी पाहिलेत त्यांना "जुन्यातून नवं" म्हणताना जरा जड जातं.

कात्रणवही

माजघर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अखंड साडी कापू नये हे शंभर टक्के मान्य, आणि ते मी धाग्यात लिहायला हवं असं सुचवल्याबद्दल आभार. मी बोलते आहे ती विरलेल्या साडीबद्दल. सुती साडी आधी घडीवर विरते, मग निऱ्यांच्या खालच्या बाजूला. ती बोहारीणही घेत नाही. उजेडात धरा, दोन्ही हातांनी आडवी ताणा. जिथे धागे सरकतात तो भाग मसोत्याला किंवा पोतेऱ्याला. जिथे ताण धरते तेवढाच वाणाला. पदर आणि काठ बहुधा शेवटपर्यंत धड राहतात.

खरी जर असलेली जुनी रेशमी साडीही कापू नये. जर विकत घेणारे असतात, चांदीचे पैसे मिळतात.

आणि ती सुती आहे की नाही हे सांगता येत नसेल तर एक धागा ओढून काडीने जाळा. सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येऊन राख होते, सिंथेटिक वितळून कडक गोळी होते. सिंथेटिकचा पोळीचा रुमाल अजिबात करू नका, वाफ टिपत नाही. पिशवी मात्र दणकट होते.

ओवी_सातारकर

पिशव्यांवरून आठवलं. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आल्यापासून वाणात "कापडी पिशव्या" म्हणून ज्या येतात, त्यातल्या बऱ्याच नॉन-वोव्हन असतात. हाताला कापडासारखं लागतं, पण ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिकच. वरच्या सगळ्या वादात माझी बाजू तीच आहे, पण त्या पिशवीपेक्षा विरलेल्या साडीची पिशवी मी केव्हाही घेईन. शिवणारीला पैसे दिले असतील तर.

मोगरी

माझ्याकडे आईची एक सुती सहावारी आहे, मधोमध फाटलेली. पिशव्यांचं माप कोणी देईल का? किती होतील?

कात्रणवही

सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब, म्हणजे 216 इंच, आणि पन्हा 45 इंच. दोन्ही बाजूंचे काठ साडेतीन-साडेतीन इंचांचे कापून बाजूला ठेव. मध्ये 38 इंच उरतात, तीच पिशवीची लांबी, दुमडली की साधारण 18 इंच खोल. रुंदी 17 इंच. पूर्ण साडी धड असती तर बारा पिशव्या झाल्या असत्या. फाटलेला भाग सोडून तुझ्या आठ-नऊ होतील.

काठांच्या 36 इंचांच्या पट्ट्या कर, तीन घड्या घालून शिव. एका पिशवीला खांद्यावर घ्यायचा एकच पट्टा. कापण्याआधी साडी धुऊन इस्त्री कर, नाहीतर माप चुकतं.

सुतळी

मी शिलाईचं काम करते म्हणून एवढं सांगते. पट्टा पिशवीला जोडाल तिथे नुसती आडवी टीप मारू नका. दीड इंचाचा चौकोन शिवून आत फुली मारा, आणि पिशवीच्या आतल्या बाजूने त्याच जागी दुहेरी कापडाचा तुकडा ठेवा. जुनं कापड पट्ट्यापाशीच आधी फाटतं. दोन किलो कांदे आणि नारळ घातला की समजतं.

मोगरी

चौकोन आणि फुली, लिहून घेतलं. आईच्या साडीची आहे म्हणून पहिली बहिणीला देते. बाहेरच्यांसाठी ब्लाउजपीस काढलेत.