मदत हवी आहे: टाइप १ मधुमेह, मुलाचं इन्सुलिन २२ वरून ६ युनिटवर आलंय, घरचे म्हणतात बंदच करा

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मुलगा ९ वर्षांचा. जूनमध्ये रात्री चार-चारदा लघवीला उठायला लागला, पाण्याची बाटली कायम उशाशी. उकाड्याने असेल म्हणून सोडून दिलं. (मीच सोडून दिलं.) वजन २७ वरून २३. मग एक दिवस उलट्या, धाप आणि थेट आयसीयू. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठलं होतं: कीटोअ‍ॅसिडोसिस.

घरी आलो तेव्हा दिवसाला २२ युनिट होती. तिसऱ्या आठवड्यापासून शुगर लो व्हायला लागली. एका रात्री अंथरूण चाचपलं तर ओलं. वाटलं, परत लघवी. घाम होता तो. मीटरवर ५४. ग्लुकोज पाजताना माझाच हात असा थरथरत होता की चमचा त्याच्या दातांवर वाजत होता.

डॉक्टर डोस उतरवत गेले. आता ६ युनिट, वजन परत २७, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टक्केवारी) १२.१ ची ६.६. डॉक्टर म्हणाले, हा हनीमून पिरियड, म्हणजे सुरुवातीला काही काळ बाहेरच्या इन्सुलिनची गरज कमी होते तो. नऊ वर्षांच्या पोराच्या फाईलवर हा शब्द! सासूबाईंना सांगताना माझी पंचाईत.

त्या म्हणतात, २२ चे ६ झाले, तर ६ चे शून्य का नाही? कुणीतरी चूर्ण आणून दिलंय, 'आठ दिवस सुई बंद ठेवून बघा' म्हणून. नवरा गप्प बसतो, म्हणजे अर्धा तिकडेच झुकलाय. खरं सांगू? मलाही मोह होतो.

हे किती टिकतं? संपत आलं हे कसं ओळखायचं? आणि सुई का थांबवायची नाही, हे सासूबाईंना पटेल असं कुणी सांगेल का?

लेकीची_आई: आमच्या लेकीला सातव्या वर्षी निघाला, आता पंधराची आहे. आमचा हनीमून आठ महिने चालला. कुणाचं काही आठवड्यांतच आटोपतं, कुणाचं वर्षभर किंवा त्याहून जास्त. दिवाळीत ताप आला आणि शुगर चढली, मी फराळाला दोष दिला. फराळ संपला, ताप उतरला, सकाळची उपाशीपोटीची शुगर काही १८० च्या खाली येईना. हनीमून संपला होता. महिनाभर स्वतःला कोसलं, उगाच. आणि चूर्णवाल्यांना हाच काळ सोयीचा असतो बरं का. आत्ता शुगर छान म्हणून श्रेय त्यांचं, पुढे चढली की 'आईने पथ्य पाळलं नाही'.

साधा_डॉक्टर: सासूबाईंना असं सांगा: वीस माणसांच्या स्वयंपाकाला दोनच बायका उरल्यात, त्याही थकलेल्या. तुम्ही बाहेरून पोळ्या आणता म्हणून त्यांना उसंत मिळाली आणि त्या भाजी करू लागल्या. पोळ्या बंद केल्या तर त्याही बसतील. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचं हेच. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटलेली आहे, तो हल्ला थांबलेला नाही. म्हणून हा अंशतः उतार आहे, बरं होणं नव्हे. चूर्णावर सुई बंद केलीत तर परत आयसीयू.

हिशेब हवा असेल तर: वजनाच्या किलोमागे दिवसाला किती युनिट, ते गुणिले ४, त्यात एचबीएवनसी मिळवायची. ९ किंवा त्याखाली असेल तर उतार चालू आहे. तुमचे ६ भागिले २७ म्हणजे ०.२२, त्याची चौपट ०.८९, अधिक ६.६, साधारण ७.५. डोस दिवसाला १३-१४ युनिटच्या पुढे सरकू लागला की संपत आलं समजा. ताप-उलट्यांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात-लघवीत वाढणारे पदार्थ) तपासायचे, आणि खाणं कमी आहे म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. शाळेच्या दप्तरात ग्लुकोज आणि बाईंना चिठ्ठी, हे आत्ताच करा. कमी डोसवरही शुगर लो होतेच.

धागाकर्ती: पोळ्यांचं सांगितलं. सासूबाई जरा वेळाने म्हणाल्या, "मग त्या दोघींना किती दिवस पुरवशील?" मी म्हटलं, जेवढे दिवस होतील तेवढे. चूर्णाची पुडी अजून फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारीच आहे, पण सुई दिली आज, त्यांच्यासमोर. सोमवारी अपॉइंटमेंट, सी-पेप्टाइडचं (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं, ते सांगणारी तपासणी) विचारते. आत्ता शुगर ११८.