व्हिडिओ गेम मेंदू पोखरतात की घडवतात?

रानवारा: ‘गेम खेळून मेंदू सडतो’ हे सरसकट विधान मला पटत नाही. २००३ साली ग्रीन आणि बॅव्हेलिए या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अ‍ॅक्शन गेमची सवय नसलेल्यांना दहा दिवस, रोज तासभर तसा गेम दिला. दुसऱ्या गटाला ठोकळे रचायचा टेट्रिस. गर्दीतून नेमकी वस्तू टिपण्यात पहिला गट पुढे गेला. पुढे बर्लिनच्या संशोधकांनी काहींना दोन महिने रोज अर्धा तास सुपर मारिओ ६४ खेळायला लावला, तर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधलं, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि वाटा जपणाऱ्या भागातलं, ग्रे मॅटर (मेंदूपेशींचा करडा भाग) वाढलेलं दिसलं. सडणं असं असतं का?

सांजसावली: सोयीचं तेवढंच सांगताय. माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांना ९० तास शूटिंगचे गेम दिले होते. खुणा लक्षात न ठेवता सवयीने डावं-उजवं वळणाऱ्यांचं तेच ग्रे मॅटर घटलं. आणि मी घरात काय बघते? मुलगा झोपल्यावरही त्याचे अंगठे पांघरुणावर हलत असतात. सकाळी तीनदा हाक मारावी लागते. मला त्याची नजर तीक्ष्ण व्हायला नकोय, त्याची झोप परत हवी आहे.

रानवारा: अंगठ्यांचं वाचून गलबललं. पण त्याच प्रयोगात खुणांवरून वाट शोधणाऱ्यांचं ग्रे मॅटर वाढलं, हेही खरं ना? म्हणजे कोण कसा खेळतो यावर बरंच ठरतं. झोपेचं मान्य, मात्र तो दोष रात्री दोनला हातात असलेल्या कुठल्याही पडद्याचा.

मोकळीवाट: नाही, इथे मी सांजसावलींच्या बाजूने. पुस्तक संपतं, हे गेम संपूच नयेत असे बेतलेले असतात. गेममधली बक्षिसाची पेटी कधी उघडेल, त्यातून काय मिळेल याचा नेम नसतो, म्हणून हात सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ आजारांच्या यादीत घेतला तो उगाच नाही. निकष तासांचा नाहीच: ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं.

सांजसावली: वर्ष व्हायची वाट मी बघणार नाही. कालपासून फोन रात्री माझ्या उशाशी असतो. तो चिडला, रडलाही. पण आज पहिल्या हाकेला उठला.